फक्की

जूनमध्ये उबाळे सरांनी वजनकाट्यावर उभं केलं.
बत्तीस किलो.
छाती न फुगवता, मग फुगवून :
फरक एक सेंटीमीटर.
"तू धावू नकोस रे," सर म्हणाले
आणि पीटीच्या खोलीची चावी माझ्या हातात दिली.

तेव्हापासून सातवी ब ची फक्की मी टाकतो.
जुनं टमरेल, तळाला खिळ्याने पाडलेली भोकं,
दोरी ताणून धरायला तौसिफ.
कमरेत वाकायचं, श्वास धरायचा.
धरणं मला जमतं,
सोडतानाच छातीत शिट्टी वाजते.

आमचं मैदान म्हणजे टाकीपासून फाटकापर्यंत
बासष्ट मीटर.
मागे पारसिकचा डोंगर,
जो कुठल्याच खेळात नाव देत नाही.
शंभर मीटर धावायचं तर फाटकाजवळच्या बदामाला
डावीकडून वळसा घालून परत यावं लागतं.
वळणावर मी फक्की जरा जाड टाकतो.

जुलै-ऑगस्टात मैदानच नसतं, डबकं असतं.
पीटीचा तास बाकावर :
खो-खोचा खांब किती उंच?
एकशेवीस ते एकशेपंचवीस सेंटीमीटर,
चौकट आखून लिहा.
पंधरा ऑगस्टच्या लेझमांतल्या
निम्म्यांच्या चकत्या गळालेल्या,
त्या मुलांनी तोंडानेच छन् छन् केलं.

गणपती गेले, जमीन सुकली
आणि मोनाली केणी धावू लागली.
म्हणजे धावायची आधीपासूनच,
पण आता थांबून बघावं लागायचं.
बदामाशी तिचा डावा खांदा असा झुकायचा,
चिंबोरी बिळात शिरते तसा,
आणि ती दिसायची तेव्हा परतीच्या वाटेवर असायची.

नोव्हेंबरात ठाण्याच्या स्टेडियमात जिल्हास्पर्धा.
तिला पाचवी लेन.
रेषा इतक्या सरळ
की मला थोडा रागच आला.
बार झाला. वीसला ती पुढे. चाळीसला पुढे.
साठाला तिचा डावा खांदा झुकला.
तिथे काही नव्हतं.
मोकळं, तांबडं, सरळ, पुढेच जाणारं मैदान.
चौथी आली.

टीएमटीत सर वडापावचा हिशेब
पुन्हा पुन्हा करत राहिले.
खाडीचा पूल आला तेव्हा ती म्हणाली,
"मना तं झार दिसला."

डिसेंबरात शाळेचे खेळ झाले.
पाहुणे दोन तास उशिरा, फुगे तोवर उन्हानेच फुटले.
रस्सीखेचीत रस्सी तुटली,
दोन्ही बाजूंनी अजूनही आपणच जिंकलो म्हणतात.
मी लिंबू-चमच्याच्या सहा रेषा आखल्या,
नजर बदामावर होती.

एप्रिल. शेवटचा पेपर झाला.
पाव पोतं फक्की उरलेली.
दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला फाटक उघडलं.
दोरी अपुरी, म्हणून तौसिफने
घरची कपडे वाळत घालायची आणली, चिमट्यांसकट.
टाकीपासून फाटक,
फाटकातून बाहेर, गटाराच्या झाकणावरून,
दूधकेंद्रापुढून रिक्षा स्टँडपर्यंत :
राहिलेले अडतीस मीटर.
एका रिक्षावाल्याने न विचारता रिक्षा मागे घेतली.

सर आले. खांद्याला पिशवी, पायात चपला.
"रस्त्यावर फक्की टाकायला पालिकेची परवानगी लागते,"
म्हणाले,
आणि खिशातून स्टॉपवॉच काढलं.

बदामाशी तिचा खांदा झुकला.
जरासाच.
मग तो सरळ झाला, आणि फाटक मागे पडलं,
दूधकेंद्र मागे पडलं,
आणि रेष संपली तिथे ती थांबलीच नाही,
पार स्टेट बँकेच्या वळणापर्यंत.
सरांनी वेळ कुणालाच सांगितली नाही.

नंतर माझी छाती मोजली. वर्षअखेरचा रकाना.
फरक दीड.
"दोन लिहितो," सर म्हणाले.

दहापर्यंत रेष पुसून गेली होती.
घरी जाताना कळवा नाक्यावर
एक रिक्षा उभी दिसली सिग्नलला,
पुढचं चाक पांढरं.