ठसा क्रमांक चार

म्हातारा गालिच्यावर पालथा पडलाय.
खिडकीबाहेर बर्फ, तळं, सुईच्या पानांची झाडं,
आणि इकडं निपाणीत, साखरवाडीच्या खोलीत
पंखा बंद करून आई विड्या वळतीय,
वाऱ्यानं जर्दा उडतो म्हणून.

कॉम्प्युटर भावाचा. बंद पडलेल्या सायबर कॅफेतून
अडीच हजाराला उचललेला.
तो गेला उद्यमबागेत, फाउंड्रीत;
खेळ माझ्याकडं राहिला.
खेळात मी तपास अधिकारी. निळा कोट. मला पगार आहे.

"कोण मेलं?"
"मालक."
"कशाचा मालक?"
ते सांगितलेलं नाही. घर मोठं आहे, एवढंच.

निळा दिवा फिरवला की रक्त उजळतं,
पुसलेलं, धुतलेलंसुद्धा.
यकृताच्या तापमानावरून वेळ निघते, रात्री नऊ ते अकरा.
संशयित पाच: पुतण्या, डॉक्टर, तरणी बायको, ड्रायव्हर,
आणि एकाच दृश्यात येऊन जाणारी
कपडे धुणारी बाई, हात एप्रनखाली.

पावडर. मऊ ब्रश. माऊस हळू, अगदी हळू.
दारावर पुतण्या, बाटलीवर डॉक्टर, खिडकीच्या कडीला बायको.
ग्लासावर ठसा क्रमांक चार:
नुसता लांबट गोल. आत एकही रेघ नाही.
पडद्यावर सूचना येते, हातमोजे?

नव्हे.
हा ठसा मी ओळखते.

रेशन दुकानात आई अंगठा ठेवते. लाल दिवा.
पदराला पुसते, ठेवते. लाल दिवा.
"बरवल्दु, अक्का," दुकानदार म्हणतो, "दुसरं बोट इडरी."
दहाही होतात. मागची रांग पाय बदलते.
चिक्कोडीला आधारच्या ऑफिसात साहेबानं
तिचा हात उलटा करून उजेडात धरला होता,
नोट खोटी आहे का बघतात तसा.
बत्तीस वर्षं विडीचं तोंड मिटवून मिटवून
अंगठ्याचंच तोंड मिटलं.

मी ठसा उचलला, ओढत नेला
आणि कपडे धुणाऱ्या बाईच्या चौकटीत सोडला.
खट् झालं.
सोडा, गरम पाणी, वीसेक वर्षं,
हे खेळात कुठंच लिहिलेलं नाही. मलाच कळलं.
तिनं मान खाली घातली. हात पहिल्यांदाच बाहेर आले.
शंभर टक्के. तीन तारे. वर बँडबाजा.

"घावला?"
"घावली. कपडे धुणारी."
कात्री थांबली,
पान उलटायला लागतं तेवढीच.
"का मारलं म्हणं?"
कारणाच्या रकान्यात खेळानं आपणहून भरलंय: लोभ.
मी वाचून दाखवलं.
"लोभ कसला. छाट काढत असंल त्यो.
हजारात दीडशे. चांगल्या विड्या बाजूला सारायच्या,
आणि त्याच मागनं..."
पुढचं तिनं दोऱ्याबरोबर तोडलं.
"धुण्यात बी असंल की कसलीतरी छाट."

तीन तारे अजून लुकलुकत होते.
मला वाटलं होतं, ती म्हणंल, पोरगी हुशार हाय.

"सोडता येतंय का तिला?"
मी सगळा मेनू शोधला.
जामीन नाही. वकील नाही. आवाज कमी-जास्त करता येतो.
आणि नवा खेळ आहे.

नवा खेळ म्हटलं की बर्फ पुन्हा पडायला लागतो,
म्हातारा मेलेलाच असतो गालिच्यावर,
पुतण्या कोट झटकतो,
आणि ती जिन्याखाली, हात एप्रनखाली, मोकळी.

आईचा चौदावा कट्टा बांधून झाला.
मी ब्रश घेऊन दारापाशी गेले, बाटलीपाशी, खिडकीपाशी.
ग्लासाला शिवले नाही.
खेळ दोनदा विचारतो, काही राहिलं का?
आई म्हणते, उठ आता,
पाला भिजत घालायचाय.