अर्धं बोट

फोर्ट पोर्टलच्या पुढे डांबर संपतं,
मग चहाचे मळे, लाल धूळ, आणि उतारावर त्यांचं घर.
मोटरसायकलवाला फणसाखाली थांबतो.
मी हेल्मेट काढते आणि आधी नाव विचारते.
केसपेपरवरचं नाही, ते मला ठाऊक आहे.
ते दुसरं, बारांतलं एक,
आमच्या तोरो मुलखात बारशालाच मिळणारं,
नुसती माया करायला ठेवलेलं.
"अराली," ते म्हणतात. "तुझं?"
"अबूकी."
एवढ्यानेच त्यांना धाप लागते.

एकतीस वर्षं चहाच्या कारखान्यात काटा धरला या माणसाने.
टोपल्यांची रांग, आणि हे काट्यासमोर;
मालकाच्या बाजूने पावशेर नाही,
खुडणाऱ्या बायांच्या बाजूनेही नाही.

मी विचारते, दुखतंय किती?
मूठ म्हणजे काहीच नाही. पाच बोटं म्हणजे सोसवत नाही.
बाकीचे पटकन पंजा दाखवतात,
नाहीतर लाजून एकच बोट.
अराली विचार करतात.
चार बोटं वर येतात,
आणि अंगठा, पेरात दुमडलेला.
साडेचार.

मागल्या मंगळवारीही साडेचारच होतं.

मी बाटली दारातल्या उजेडाला धरते.
पाण्याची जुनी बाटली, आत हिरवट औषध.
एव्हाना निम्म्याखाली यायला हवं होतं.
अजून गळ्याशीच आहे.
मी कातुसाबेकडे पाहते.
कातुसाबे चुलीकडे पाहते.

मध्येच कंपालाहून मुलाचा फोन.
"मोठ्या इस्पितळात हलवा, पैसे पाठवतो,
पैसे पाठवतो, पैसे..."
कुणीच काही बोलत नाही.
त्याच्या मागे रस्ता वाजत राहतो, हॉर्न, कुणाचं तरी हसू,
मग तोही गप्प होतो, पण फोन ठेवत नाही.

मागच्या पडवीत, केळी सोलता सोलता, ती म्हणाली,
"तूच म्हणालीस ना, ही बाटली शेवटपर्यंत पुरेल.
मग मी पाचाऐवजी दोन देत गेले.
बाटली संपलीच नाही, तर..."
पुढचं तिने सालीबरोबर टोपलीत टाकलं.

वाक्य माझंच होतं.
धीर द्यायला म्हणून बोलून गेले होते,
हेल्मेट चढवता चढवता.

मी तिच्यासमोर उकिडवी बसले. म्हटलं,
बाटली औषधाची आहे, त्यांची नाही.
ही संपली की दुसरी आणीन. तीही संपली की तिसरी.
ते जातील ते त्यांच्या वेळेला.
आपल्या हातात एवढंच,
की जाताना दात ओठ खात जाऊ नयेत.
ती सोलत राहिली. सुरी बोटाला लागली तरी.

आतून आवाज आला, कापरा, पण ऐकू येईल एवढा:
"काय गं, माझ्याच घरात मापात पाप?"
आणि ते हसले. हसण्याचा खोकला झाला,
खोकला बराच वेळ गेला नाही.

संध्याकाळी तिने स्वतः सिरिंज भरली.
पाचाच्या रेघेपर्यंत.
त्यांनी डोळे बारीक केले.
"वर हवा राहिलीय," म्हणाले.
तिने बुडबुडा काढला, पुन्हा भरली.

शुक्रवारी त्यांनी मूठ दाखवली.
कातुसाबे दचकली, वाटलं रागावले.
मग तिला आठवलं.
ती मूठ तिने दोन्ही हातांत धरून ठेवली,
दूध नासलं, शेळी ओरडली, तरी.

सोमवारी मी पोचले तेव्हा अंगणात माणसं होती,
मुलगा कोऱ्या बुटांवर धूळ घेऊन उभा.
उरलेलं औषध परत न्यायचं, हा नियम.
वहीत रकाना आहे: शिल्लक.
कातुसाबेने बाटली दिली, पण सोडली मात्र नाही,
थोडा वेळ आम्ही दोघींनी ती धरली.

मापात ओतून मी आकडा लिहिला.
एकशे बारा.
ती माझ्या खांद्यावरून वाकली.
"नीट बघ, अबूकी," म्हणाली,
"अर्धं सुटलं असेल."

मी वही खाली ठेवली.
गुडघ्यांवर बसले, डोळे रेघेशी नेले,
आणि पुन्हा पाहिलं.