हेकरूचा ताप

जानेवारी. उम्म अल कुवैन.
शमाल वाऱ्याचा तिसरा दिवस,
खाडीवरून वाळू येते नि पत्र्यावर तडतडते.
टाकी सात : पाणी सतरा अंश.
वहीत लिहिताना बोटं अडतात.
आखातात थंडी वाजते म्हटलं
की हर्णैला फोनवर हसतात.

लस टोचून आज चोवीस दिवस झाले.
इथे म्हणतात हामूर, आमच्याकडे हेकरू.
मुनाफ सारंग ओल्या फडक्यात धरायचा,
मी पोटाशी सुई घालायचो,
एकूण दोन हजार एकशे चाळीस.
काल रोवेनाने रक्त तपासलं.
तबकडीत काहीच साकळलं नाही.

"लस खोटी?" मुनाफने विचारलं.
"लस खरी. पाणी थंड," ती म्हणाली
तिच्या मोडक्या हिंदीत, चहाचा कप दोन्ही हातांत धरून.
अंगावरचा बुळबुळीत थर राखण करतो, तो करतोच.
समोर येईल त्याला गिळणाऱ्या पेशीही
फिरत असतात, सावकाश.
पण वैऱ्याचा चेहरा लक्षात ठेवणाऱ्या ज्या,
त्या ऊब लागेतो शिकतच नाहीत.

आणि ऑगस्टात हेच पाणी चौतीस.
तेव्हा जंतूंची चंगळ, पाण्यात प्राणवायू विरळ,
मासा कल्ले फाकून नुसता श्वास ओढत बसतो,
बाकी कशाला त्राण उरत नाही.
म्हणजे वर्षाकाठी जेमतेम काही आठवडे,
दोन ऋतूंच्या फटीत,
त्याचं रक्त त्याच्या कामाला येतं.
मी कॅलेंडरवर मोजून पाहिले,
मग कॅलेंडर उलटं टांगलं.

रात्री दोनला बॅटरी घेऊन फेरी मारली.
सातच्या कोपऱ्यात, जिथे गरम नळाचा सांधा गळतो
(तो मीच बसवायचा होता, आठवडा झाला),
तिथे दाटी.
कल्ल्याशी व्रण असलेले, शेपटी झिजलेले,
आजारीच तेवढे.
धडधाकट सगळे त्या टोकाला, गारव्यात, बिनघोर.
कोपराएवढा हात बुडवला :
तेवीस असेल. चोवीस.

कुणी सांगितलं यांना?

माशाला ताप येत नाही.
त्याच्या अंगात चूल नाही.
त्याला तापाकडे जावं लागतं,
दुखऱ्या कल्ल्यांनी पोहत,
आणि पोचल्यावर तिथेच
तरंगत राहावं लागतं, न खाता.

माझ्या बापाने सगळे ताप अंगावर काढले.
कपाळाला पंचा बांधून होडी लोटायचा,
आई काठावरून शिव्या द्यायची.
औषध आणायला बंदर सोडून
दापोलीला जाणं म्हणजे एक दिवसाची मासळी गेली.
मी मात्र दोन रात्री कॅम्पातल्या खाटेवर कुडकुडलो
तेव्हा एसी कुणी बंद करीना,
बटण पलीकडच्या खोलीत होतं.

मुनाफ घोंगडी पांघरून आला.
काही बोलला नाही.
टाकीपाशी उभा राहिला, नळाच्या बाजूला,
आणि हात सांध्यावर शेकले.
मीही शेकले.
खाली काळे पाठीचे कणे
एकमेकांना घासत हलत होते.

सकाळी मॅनेजरने वही मागितली.
गळती : दुरुस्त झाली का?
लिहिलं, सामान नाही.
सामान माझ्या खिशात होतं,
तांब्याचा वायसर आणि अर्धी टेप.

पुढच्या पाच दिवसांत कोपऱ्यातले नऊ मेले.
गारव्यातले, अंगावर डाग नसलेले, चार.
बाकीचे त्या व्रणवाल्यांतले किती सुधारले
ते नेमकं सांगता येत नाही,
सगळे हेकरू सारखेच दिसतात,
जवळ येईतो.
रोवेना म्हणाली, हे काही सिद्ध करत नाही.
बरोबरच आहे तिचं.
पण एकोणतिसाव्या दिवशी तिने पुन्हा रक्त काढलं
ते तिथल्याच एकाचं,
आणि तबकडी उजेडाला धरून
बराच वेळ तशीच उभी राहिली.

नळ अजून गळतो.
आज पाणी अठरा.