जाळ्यातला बुराक

कोबे बंदरात जहाज चार दिवस अडकलं
कुठल्याशा पंपाच्या एका वायसरसाठी.
बाकीचे खलाशी टेपरेकॉर्डर बघायला गेले.
बाबलीकाकाला वेंगुर्ल्याच्या घरावर पत्रे घालायचे होते,
आणि थंडी अशी की कानाच्या पाळ्या दुखाव्यात,
म्हणून तो समोरच्या म्युझियममध्ये शिरला.
हे त्यानं कधी लपवलं नाही.
"कलाबिला काय नाय रे. हीटर."

आत एक होडी, लाकडी घोड्यांवर चढवलेली.
तिच्या बुडाला साठ वर्षं पाणी लागलं नव्हतं.
उलांडी नाही, म्हणजे ही माणसं
नुसती तोलावर बसत असणार,
एवढं मनाशी म्हणून तो पुढे गेला.
कंदील. मापं. गवताचं इरलं,
आपल्यासारखंच, पण खांद्यावर बांधायचं.
काचेआड बांबूची सुई.
खालची पाटी त्याला वाचता आली नाही.
सुई आली.

आणि भिंतीवर टांगलेलं जाळं.
वरून दिवा सोडलेला,
लोक जाळ्याच्या सावलीचे फोटो काढत होते.
काकाला दिसला तो बुराक.
डाव्या अंगाला, खालून हातभर,
चार बोटांचा. तीन आस तुटलेले.

त्याचे हात वळवळायला लागले,
नखांत डिझेल असलेले, खिशात लपवलेले हात.

कोपऱ्यात खुर्चीवर राखणदार म्हातारी,
गुडघ्यांवर चौकड्यांचं पांघरूण,
केव्हापासून ह्याच्यावर नजर ठेवून.
चोर वाटलो असेन, काका म्हणायचा.
त्यानं बोट दाखवलं, जाळ्याला न लावता.
म्हातारी उठली. चष्मा कपाळावर नेला. वाकली.
मग डाव्या अंगठ्यावर नसलेला दोरा धरून
उजव्या हातानं नसलेली सुई
खालून घातली, वळसा, ओढ.

काकानं मान हलवली. नाय.
आमच्याकडे वळसा वरून.
तिनं परत खालून.
ह्यानं परत वरून.
बंद व्हायची घंटा होईपर्यंत
दोघांनी हवेत वीतभर जाळं विणलं,
आणि जाताना तिनं त्याला
वाकून नमस्कार केला की पाठ धरली होती तिची,
ते काकाला कळलं नाही.

आता नायलॉन. मशीनवर विणून येतं, किलोवर.
तरी खडक फाडतात, कुर्ल्या फाडतात.
जेटीच्या पायरीवर काका बसायचा,
पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवून,
आणि शाळेतून सुटलेली पोरं विचारायची,
जपानात काय बघलंस?
देवळा? फुलांची झाडा? ती धावती गाडी?
"जाळ्याक एक बुराक होतो," तो सांगायचा.
"अजून तसोच आसतलो."
पोरं हसायची. तो दातांनी दोरा तोडायचा.

काका गेला त्याच्या दुसऱ्या महिन्यात
मी त्याचं शेवटचं जाळं उलगडलं.
शे-दीडशे गाठी, सगळ्या वरून.
एक खालून.

एकच. डाव्या अंगाला, हातभर वर.
चूक असेल म्हणालो, आणि लगेच वाटलं,
हा माणूस गाठीत कधी चुकला?
सोडून परत बांधायला सुई काढली.
ठेवून दिली.

त्या रात्री दोन पाट्या बांगडा लागला.
जाळं वर घेताना
मी माशांकडे नंतर बघितलं.
धरून होती.