साल

उंगगाट, यंदा एंगकाबांग धरलाय.
चार वर्षं नुसती सावली पाडणारं ते आळशी धूड
परवा रात्रीपासून असं काही गळतंय
की कुत्री घराखालून बाहेर येईनात.

पाच पंखांचं फळ, गरगरत खाली येतं,
निम्मं अंगणात, निम्मं थेट मेलुआनच्या पाण्यात.
पाण्यातलं आपलं नाही, तुला माहीतच आहे,
जाळं टाकेल त्याचं.
तरी लांतिंगकाका काठावर उभा राहून
खालच्या घराच्या होड्यांना शिव्या घालत होता,
फळागणिक एक.
झाड तरी कुठे आपण लावलं?
पुरानं आणून टाकलेलं. आजोबांनी रान तोडलं
आणि हे तोडलं नाही,
एवढीच आपली मालकी.

सात दिवस मी पंख खुडत होते.
मग चुलीवरच्या माळ्यावर धुरी,
मग उखळ, मग वाफ,
मग बाबांचा लाकडी चाप.
हो, तोच, ज्यात तुझा अंगठा सापडला होता.
मी आणि जेलियान दांड्यावर चढून बसलो.
बराच वेळ काहीच नाही.
मग एक थेंब, त्याच्यामागून हिरवट पिवळी धार,
बांबूत उतरली आणि रात्रीतून मेणासारखी थिजली.
पाच नळकांडी झाली.

तू समुद्राला भोक पाडून काढतोस
तेही तेलच म्हणे.

पूर्वी व्यापारी यायचे, आठवतं?
बिया पोत्यांनी जायच्या, कुठल्याशा देशात
चॉकलेटात, बायकांच्या ओठांच्या रंगात.
यंदा भाव विचारला तर
होडीचं पेट्रोलही सुटत नाही.
एक माणूस मात्र आला होता. टेप घेऊन.
खोडाला मिठी घालून आकडा लिहिला,
बोलला काही नाही.
जेवायची वेळ होती, मी भात वाढला,
वर एक चकती.
ती विरघळेपर्यंत बघत राहिला,
बोटं चाटून जेवला,
आणि जाताना झाड पुन्हा एकदा मोजलं.

फळाचं साल आलं की सालीवर एक खाच,
ते काम आता माझ्याकडे आहे.
जुन्या खाचा रुंदावल्यात,
बाळंतिणीच्या पोटावरच्या वळांसारख्या.
मी दुसरीतली, तू तिसरी नि चौथीच्या मधला, कोरडा.
आई सातवी नि आठवीच्या मध्ये गेली,
तिथे नुसती गुळगुळीत साल आहे, बोट फिरवलं तरी काही लागत नाही.
नववी मी काल पाडली. चीक आला थोडा.

एक नळकांडं होडीवाल्या बुंदानकडे दिलंय.
गरम भातावरच घे, चिमूटभर मीठ टाक.
गार भातावर ते तुझ्यासारखंच,
नुसतं बसून राहतं.
आणि नळकांडं परत पाठव.
बांबू चांगला आहे.