अधांतर

पहिल्या शाळेत कॉफी चांगली होती.
बाणेर रोडला, सातव्या मजल्यावर,
काचेच्या टेबलावर हातभर लांबीचं हेलिकॉप्टर
आणि माझं नाव विचारायच्या आधीच
हप्त्याचा आकडा पाठ असलेला माणूस.
मी विचारलं, मशीन कुठंय?
म्हणाला, मॅडम, येतंय.

दुसऱ्या शाळेत मशीन होतं. ताडपत्रीखाली.
एकाच मशीनमागे सतरा मुलं.
त्यातला पुसदचा एक,
अकरा महिन्यांत नऊ तास उडालेला,
मला गेटपर्यंत सोडायला आला
आणि काहीच बोलला नाही.
तेवढं पुरलं.

बाबांच्या भोसरीच्या शेडमध्ये दोन लेथ.
त्यांनी एकच सांगितलं होतं :
कारखाना बघायला गेलीस तर मालकाची केबिन बघू नकोस,
पाने कुठे टांगतात ते बघ.

तिसरी शाळा, दिवे घाट चढून गेल्यावर, सासवडच्या अलीकडे.
पत्र्याची शेड, कॉफी नाही, रांजणातलं पाणी.
भिंतीवर बोर्ड, प्रत्येक पान्यामागे
त्याचीच पिवळी सावली रंगवलेली.
एक सावली रिकामी.
आणि त्या रिकाम्या सावलीपायी
तांबोळी मेकॅनिकनं अख्खी सकाळ अडवून धरलेली :
बारा नंबर मिळत नाही तोवर पातं फिरणार नाही.
तीन विद्यार्थी, एक कॅप्टन,
सगळे गुडघ्यांवर, टॉर्च घेऊन.
मीही बसले.
सापडला तो शेवटी तांबोळींच्याच खिशात.
कुणी हसलं नाही.
फी मी त्याच दुपारी भरली.

घारपुरे मॅडम म्हणाल्या,
वर जाणं सोपं. पुढं जाणं त्याहून सोपं.
तू आधी थांबायला शीक.

जमिनीपासून सहा फूट.
डावा हात उचलला की नाक फिरतं,
नाक सावरायला पाय दाबावा तर सगळंच सरकतं,
सरकणं आवरेस्तोवर उंची गेलेली,
आणि समोरची बाभूळ
एकदा उजवीकडे पळते, एकदा डावीकडे,
जशी काही उडायला तीच शिकतेय.
पिळू नकोस त्याला, मॅडम म्हणायच्या,
नुसता विचार कर. तेवढ्यानं जातं ते.

रात्री आईचा फोन.
नोकरी सोडलेली, तळेगावचा प्लॉट विकलेला,
चिंचवडच्या स्थळाला अजून हो नाही की नाही नाही.
असं किती दिवस गं अधांतरी राहायचं?
मी म्हटलं, सहा सेकंद.
काय?
आज सहा सेकंद राहिले, आई.

एकविसाव्या तासाला मॅडमनी इंजिन काढून घेतलं.
न सांगता नव्हे, सांगून.
तरी पोटात व्हायचं ते झालंच.
सगळं अंग म्हणतं, वर ओढ, वर ओढ,
आणि डावा हात खाली दाबायचा असतो, पार खाली.
पडण्याचाच वारा मग खालून येतो,
पात्यांना फिरवत ठेवतो,
आणि तो उधळायचा नसतो.
अंजिराच्या बागा मोठ्या होत येतात,
बागेतली बाई मान वर करते,
तिच्या डोक्यावरचं पोतं दिसतं,
तरी नाही.
जमीन अगदी हाताशी आल्यावर
साठवलेलं सगळं एकदाच खर्च करायचं.
टेकलो तेव्हा मॅडमचे हात मांडीवर होते,
फक्त बोटं पांढरी पडलेली.

त्यानंतरच्या एका सकाळी बाभूळ थांबली.
मी काही वेगळं केलं नव्हतं.
तिच्या शेंड्यावर एक कोतवाल होता,
दुभंगलेली शेपटी, आमच्याकडे पाठ.
रोज बसत असणार.

घाट उतरताना, स्कूटरवर,
हडपसरच्या सिग्नलला आठवलं,
पुसदच्या त्या मुलाला
मी नावसुद्धा विचारलं नव्हतं.