पान एकशे बारा

अलाँसोंच्या छापखान्यात, दुसऱ्या पाळीला,
ओदील माझ्यासमोर बसायची.
ती मोठ्याने वाचायची, मी मूळ प्रतीवर बोट फिरवायचो.
स्वल्पविराम, अर्धविराम, अवतरण सुरू, अवतरण बंद,
सगळं म्हणायची ती, एकाच आवाजात:
बियाण्यांची सूचिपत्रकं, रेल्वेची वेळापत्रकं,
बिशपसाहेबांची उपवासाची पत्रं.

एकोणऐंशीच्या हिवाळ्यात पॅरिसहून ते पुस्तक आलं.
पहिलंच वाक्य चौदा ओळींचं.
कर्ता दाराशी जोडे काढून आत गेला तो गेलाच,
क्रियापद आलं तेव्हा घरात कुणी नव्हतं.
‘अर्थ’ आला की अवतरणात.
‘सत्य’ तर कायमच,
चिमट्यात धरलेल्या निखाऱ्यासारखं.
मशीनवरचा फुल्बेर म्हणाला,
धुकं किलोवर विकतात वाटतं हल्ली.
आम्ही पोट धरून हसलो.
ओदील हसली नाही; तिची ओळ चुकली असती.

खरं सांगतो, निम्मं पुस्तक नुसता तोरा होता.
साधी खुर्ची म्हणायला तीन पानं,
आणि शेवटी खुर्ची नाहीच.
उरलेल्या निम्म्याबद्दल मला आजही सांगता येत नाही.

पान एकशे बारावर ती थांबली.
“इथे एक ‘नाही’ सुटलाय.”
मूळ प्रतीत त्या जागी शाईचा डाग.
डागाखाली ‘नाही’ असेल,
किंवा डागाखाली कागद असेल.
वाक्य दोन्ही रीतींनी उभं राहत होतं
आणि दोन्ही रीतींनी सारखंच डुगडुगत होतं.

फोन लावला. लेखक बराच वेळ गप्प.
मागे कुणाचं तरी मूल रडत होतं,
झाकण थडथडत होतं कसलं तरी.
मग म्हणाला, “तुम्हाला काय वाटतं, बाई?”

तेवीस वर्षं ती दुसऱ्यांचं वाचत होती.
हे कुणी विचारलं नव्हतं.

पान ती घरी घेऊन गेली.
तिची आई सुईची लेस करायची,
नखाएवढ्या फुलाला सात तास,
आणि म्हणायची, दोरा काय, कुणीही ओढेल;
भोक सांभाळता आलं पाहिजे.
सकाळी ओदीलने ‘नाही’ घातला.
का, ते विचारलं तर म्हणाली, पुढे वाच.

दोन वर्षांनी, मार्चमध्ये, मालकांचं पत्र आलं.
काय सुंदर पत्र! ओढ्याच्या पाण्यासारखं स्वच्छ,
सहावीतल्या पोराला कळेल असं,
शुद्धलेखनाची एक चूक नाही.
ओदील बाकावर उभी राहिली
आणि वाचू लागली, नेहमीच्याच आवाजात:
अवतरण सुरू, आपण, अवतरण बंद,
एक अवतरण सुरू कुटुंब अवतरण बंद आहोत, पूर्णविराम.
अवतरण सुरू अपरिहार्य अवतरण बंद
असा निर्णय घेण्यात आला आहे, पूर्णविराम.

मग तिने चष्मा काढला.
“घेण्यात आला. कर्ता कुठाय?”

बांधणीखात्यातल्या बाया आधी हसल्या,
मग एकेक करून हसायच्या थांबल्या.
फुल्बेरने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.
त्या संध्याकाळी आम्ही हिशेबाच्या वह्या मागितल्या.

छापखाना बंद झालाच.
वाक्य उसवून कुलूप उघडत नाही.
चार महिन्यांचा पगार जास्तीचा मिळाला, इतकंच;
त्यात मी छप्पर शाकारलं.

पुस्तकाच्या सहाशे प्रती निघाल्या होत्या.
एक माझ्याकडे आहे, शिवण सुटलेली.
गेल्या रविवारी एकशे बारावं पान पुन्हा काढलं,
‘नाही’वर अंगठा ठेवून वाचलं,
मग अंगठा उचलून.
बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, कळलं का काही?
मी म्हणालो, थांब जरा,
आणि अंगठा परत ठेवला.